समुद्रकिड्यांचे केस

समुद्र मी पाहिलेला नाही, आणि आता या पायांनी पाहीन असंही वाटत नाही. पण समुद्राच्या गाळात, वाळूत आणि खडकांच्या फटींत राहणाऱ्या किड्यांच्या अंगावर केस कसे असतात, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं अख्ख्या अमरावतीत कोणाला नाही. ही फुशारकी आहे असं कोणी म्हणेल तर म्हणो. मी ते केस एकेक करून कागदावर काढलेले आहेत. हातच्या काकणाला आरसा कशाला?

माझं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठावर. वडील चितारी, सासरेही चितारी. आमच्यात मुलींना रंग खलायला आणि भरायला शिकवत. रेघ ओढायची ती पुरुषांनी. अमरावतीला परकोटाच्या आत आमचं घर होतं आणि पुढच्या ओट्यावर नवऱ्याचं काम चाले. लग्नातल्या भिंती, पालख्या, देवळांचे दरवाजे, सगळं ते रंगवत. पुढे अमेरिकेत लढाई जुंपली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि चिताऱ्याला मान वर करायची उसंत राहिली नाही. दर्यापूरकडचे शेतकरी नवी गाडी घेऊन थेट आमच्या दारात येत. चाकांचे आरे रंगवून हवेत, दांडीवर मोर हवा. व्यापाऱ्यांना रुईच्या गाठींवर आपापला छाप हवा असे, कोणाला हत्ती, कोणाला कमळ, आणि खाली नाव. गाठी इतक्या असत की नवरा एकटा पुरा पडेना, म्हणून खालची अक्षरं त्यांनी मला भरायला दिली. भरता भरता मी ती वाचायला लागले. शाळा म्हणाल तर माझी ती शाळा.

त्या धामधुमीत अमरावतीच्या दवाखान्यावर एक नवे गोरे डॉक्टर आले. आधी पुष्कळ वर्षं ते कोकणातल्या बंदरांवर होते आणि तिथे त्यांनी समुद्रातले केसाळ किडे जमवले होते. आमच्या घोणीला असतात तसे अंगाला कप्पे, पण पाय म्हणजे नुसते खुंट आणि त्यांवर केसांचे झुबके. बाटल्यांत दारू भरून त्यात ते किडे बुडवून ठेवलेले. कापूस पोचवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांतून, रुईत गुंडाळून त्या बाटल्या वऱ्हाडात आल्या. डॉक्टरांना त्या किड्यांची चित्रं विलायतेतल्या विद्वानांकडे पाठवायची होती. चितारी शोधायला त्यांनी आपला माणूस पाठवला. हा माणूस जातीचा कोळी, कोकणातून त्यांच्याबरोबरच आलेला, उन्हानं वैतागलेला.

चितारओळीत सगळ्यांनी त्याला हसून वाटेला लावलं. देव आणि हत्ती काढणारे हात किडे कसे काढतील? शेवटी तो आमच्या ओट्यावर आला. नवराही नाहीच म्हणणार होते. पण कोळ्यानं रुईतून एक बाटली काढून उन्हात धरली आणि दाराआडून मी ती पाहिली. आत तळहाताएवढा जाड किडा होता, पाठीवर मातकट लोकर, आणि दोन्ही कडांना केसांची झालर. बाटली हलली की ती झालर हिरवी होई, मग निळी, मग सोनेरी. आमच्या घरात तीन पिढ्यांचे रंग होते. तो रंग आमच्या एकाही वाटीत नव्हता.

नवरा पाणी प्यायला आत आले तेव्हा मी म्हटलं, "हो म्हना त्याले. केस मी काहाडतो."

"लोक हासतीन," ते म्हणाले.

"हासू द्या. हत्ती त सारेच काहाडतात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. नवरा रागीट होते, हट्टी होते, पण जे दुसऱ्या चिताऱ्याला जमत नाही ते करून दाखवायची त्यांना भारी खोड. बाहेर जाऊन ते हो म्हणाले.

डॉक्टरांच्या बंगल्याच्या मागच्या पडवीत आमची बैठक बसली. वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, त्यांच्यावर पाणी मारायचं काम कोळीदादाकडे. नवरा किड्याची बाहेरची रेघ ओढत आणि अंगाचा रंग भरत. मग कागद माझ्याकडे येई. खारीच्या शेपटीचे तीन केस बांधून मी कुंचली केली होती. चार केसांची केली तर रेघ जाड पडे. डॉक्टरांनी पितळी नळीचं भिंग दिलं आणि त्यातून पाहिल्यावर मी पहिल्या दिवशी काहीच काढलं नाही, नुसती बघत बसले. लांबून जो एक केस दिसतो तो आतून कुठे विळ्यासारखा वाकडा, कुठे कंगव्यासारखा दातेरी. एका किड्याचा केस तर काठीला सांधा करून पुढे सुरी बसवावी तसा होता. एकाच किड्याच्या एकाच पायावर तीन तऱ्हेचे केस. डॉक्टरांनी त्यांच्या अर्ध्या हिंदुस्थानी, अर्ध्या मराठीत सांगितलं, की दिसायला सारखे दोन किडे खरंच एका जातीचे आहेत का, हे या केसांवरूनच ठरतं. हे ऐकल्यावर माझी मान जी ताठ झाली ती आजतागायत तशीच आहे. रुईचा पारखी दोन बोटांत धागा ओढून सांगतो ना कापूस कुठल्या शिवारातला, तसंच हे. आणि तो धागा माझ्या हातात होता.

डॉक्टरांना किड्यांची मेल्यानंतरची माहिती होती. जिवंतपणीची कोळीदादाकडे. ताट्यांवर पाणी मारता मारता तो सांगत राही. अमका किडा आपल्याभोवती चुन्याची नळी बांधतो आणि खडकाला, शिंपल्याला, गलबताच्या बुडालाही चिकटून बसतो. तमका वाळूचा एकेक कण चिकटवून घर करतो, आणि अशी हजारो घरं एकाला एक लागली की खडकावर पोळ्यासारखी भिंत उभी राहते. एक आपल्या नळीतून पिसांचा तुरा बाहेर काढतो, पाण्यातलं बारीक खाणं त्यात अडकवतो, आणि सावली पडली की तुरा झपकन आत ओढतो.

"न्‌ तो खाजरा हाय ना, त्याला हात लावू नका वहिनी," तो म्हणाला. मी अर्थातच लावला. मेलेला, दारूत बुडालेला किडा काय करणार, असं वाटलं. त्याचे पांढरे केस बोटात मोडले आणि कुहिली लागावी तशी दोन दिवस आग होत राहिली. तरी त्याचं चित्र मी त्याच बोटांनी पुरं केलं.

मला सगळ्यांत आवडला तो गाळातला किडा. दिसायला ओबडधोबड, करंगळीपेक्षा जाड, काळपट. अंगाच्या मधल्या भागात लाल झुडपांसारखे कल्ले, केसांचे आखूड झुबके, आणि शेपूट अगदी बोडकं. कोळीदादा सांगे, ओहोटी लागली की ओल्या वाळूवर शेवयांच्या गुंडाळीसारखे ढीग दिसतात, ते याचे. हा खाली बीळ करून डोकं खाली घालून राहतो, वाळू गिळतो, त्यातला कस खातो आणि उरलेली वर टाकतो. सगळा किनारा हा असा खालचा वर करत असतो. त्याच्यावर मासे जगतात, पक्षी जगतात, आणि कोळीही. कारण गळाला हा लावला की मासा सोडत नाही. त्यांच्याकडच्या बायका ओहोटीला सळईनं उकरून टोपलीभर आणतात. मी म्हटलं, आमच्या काळ्या मातीत गांडूळ हेच करतं, फक्त त्याची कोणी टोपली भरत नाही.

उन्हाळा चढला तशी डॉक्टरांची झोप उडाली. वऱ्हाडचं ऊन कोकणच्या बाटल्यांना माहीत नव्हतं. बुचं सुकून आकसली आणि दारू उडून जाऊ लागली. ते मोहाची दारू वर ओतत, तरी रोज एखादा किडा विरघळलेला किंवा वाळून कोळ झालेला निघे. ज्याचं चित्र झालं तो वाचला, बाकीचे गेले, असा हिशेब होता. चित्रं मृगाच्या आत निघायला हवी होती, कारण पुढे रस्त्याला चिखल. आम्ही पहाटे जाऊन बसत असू.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. चित्र माणसाचं असो, घोड्याचं असो, देवाचं असो, डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे. घरातल्या कर्त्या चिताऱ्यानं, सकाळी अंघोळ करून, तोंडात पाणी न घेता. डोळे उघडल्याशिवाय चित्रानं उंबरा ओलांडायचा नाही. आणि बाकी कोणीही कितीही हात लावलेला असो, ज्यानं डोळे उघडले त्याचं ते चित्र. त्यामुळे माझ्या हातानं रंगलेले मोर, हत्ती गावभर फिरत होते आणि सगळे नवऱ्याचे होते. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. रीत ती रीत.

नवऱ्यानं ती किड्यांनाही लावली. एका किड्याला चार डोळे निघाले तेव्हा ते खूश झाले. पिसांच्या तुऱ्यावर, एकेका पिसाच्या टोकाला डोळा असलेला किडा निघाला तेव्हा त्यांनी तीन सकाळी उपाशीपोटी डोळेच काढले आणि चितारओळीत जाऊन सगळ्यांना सांगून आले.

मग माझ्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. गाळातल्या किड्याचे केस पुरे करून मी आठ दिवस अकोल्याला गेले. परत येऊन पाहते तर त्या किड्याच्या तोंडाशी दोन काळे, टपोरे, पाणीदार डोळे.

मी घरी आल्यावर विचारलं, "याले डोळे कोठून आले?"

"जीव हाये म्हनजे डोळे आलेच."

"मी भिंगातून पाह्यलं. नोहते."

"दारूनं रंग खाल्ला असंन. बाकीच्यांचे रंग नाई का उडाले?"

ही गोष्ट खोटी नव्हती. रंग उडतच होते. मी म्हटलं, बाटली पाहू. तर मी नसताना ती बाटली कोरडी पडली होती आणि किडा फेकून दिला होता. मी ताटं मांडायला घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण जेवताना, भांडी घासताना ते दोन डोळे माझ्याकडे बघत राहिले.

मूठ उघडली ती कोळीदादानं, तीही बिचाऱ्यानं हसत हसत. डॉक्टर एकेक चित्र पेटीत ठेवत होते, तो पुढे करत होता. गाळातल्या किड्याशी थबकला आणि म्हणाला, "याला कधी डोळं फुटलं? जल्माचा बिळात डोकं घालून असतो, तो बघणार काय?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी वही उघडली; डोळ्यांबद्दल त्यात त्यांनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याला विचारलं, डोळे पाहून काढले की मनानं? नवरा म्हणाले, "असतेतच." तेव्हा डॉक्टर खाली बसले. एका चित्रात मनचं घातलं, तर बाकीच्यांत घातलं नाही हे कशावरून? निम्मे किडे आता उरलेलेच नाहीत. विलायतेत एक चित्र खोटं ठरलं की सगळी खोटी ठरतील. त्यापेक्षा एकही पाठवत नाही, असं म्हणून त्यांनी पेटी मिटली.

त्या पेटीत माझा अख्खा उन्हाळा होता. एकेक केस मी श्वास रोखून काढला होता आणि तो आता अमरावतीच्या एका फडताळात वाळवीला जाणार होता. बोलावं तर नवरा चारचौघांत खोटा पडतो, न बोलावं तर माझं सगळं काम खोटं पडतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पदर पुढे ओढून मी दाराशी उभी होते, आणि तशीच म्हणाले, "याले डोळे नोहते. बाकीचे सारे डोळे मी सोता भिंगातून पाह्यले हायेत. ते खरे हायेत."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुला इतकं सगळं आठवतं कसं? मी म्हटलं, विचारून पाहा.

त्यांनी दारू न उडालेल्या पाच-सहा बाटल्या आणल्या आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. ते बाटलीवरचा किड्याचा नंबर सांगत. मी सांगे, पुढच्या पायांवर केस कसे, मागच्यांवर कसे, विळा कुठे, कंगवा कुठे, सांधा कितव्या पायापासून सुरू होतो. ते भिंग लावून ताडून पाहत. पहिली बाटली परत जागेवर टेकल्याचं ऐकू आलं. मग दुसरी. तिसरीला मी म्हटलं, या किड्याच्या डाव्या अंगाचा एक झुबका मोडका आहे, तो मी मोडकाच काढला आहे. बराच वेळ भिंगाची नळी खालीवर झाल्याचा आवाज येत राहिला. मग कोळीदादा म्हणाला, "वहिनी, साहेब मान डोलावतायत." उरलेल्या बाटल्या त्यांनी उघडल्याच नाहीत.

आयुष्यात मला पुष्कळ जणांनी चांगलं म्हटलं असेल, पण भिंतीकडे तोंड करून ऐकलेल्या त्या एका वाक्याची सर कशालाही नाही.

पेटी जायला तीन दिवस होते. गाळातल्या किड्याचं चित्र तेवढ्यात नव्यानं करून दिलं तर सगळी चित्रं जातील, असं डॉक्टर म्हणाले. किडा उरला नव्हता. जो होता तो माझ्या डोक्यात होता.

घरी येताना नवरा दहा पावलं पुढे चालत राहिले. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर कागद घेऊन बसले. बाहेरची रेघ कोण ओढणार? मी थोडा वेळ वाट पाहिली, मग मीच ओढली. आयुष्यातली माझी पहिली बाहेरची रेघ. ती थरथरली नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. गल्लीतून जाणारे थांबून बघू लागले. एकानं नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, की चिताऱ्याच्या घरात आता बायको चितारी झाली. नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असणारच. पण कल्ल्यांना लागणारा लाल हिंगूळ संपत आला तशी माझ्या हाताशी खललेल्या हिंगुळाची वाटी आली. ती कोणी ठेवली ते मी वर न बघताही ओळखलं. तिन्ही दिवस रंग त्यांनीच खलले, आणि माझ्यापेक्षा बारीक खलले.

तिसऱ्या दिवशी केसांचा शेवटचा झुबका झाला. कोळीदादानं येऊन चित्र पाहिलं, कागद कलता धरला, आणि म्हणाला की हा आता गळाला लावला तरी चालेल. चित्र गुंडाळून मी उंबऱ्याशी आले आणि थांबले. डोळे न उघडलेलं चित्र आमच्या घरातून कधी बाहेर गेलेलं नव्हतं. नवरा मागे उभे होते. त्यांनी सकाळी अंघोळ केली होती आणि तोंडात पाणी घेतलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. सवयच तशी. त्यांनी माझ्या हातातून गुंडाळी घेतली. मला वाटलं आता पुन्हा डोळे काढतात. ते म्हणाले, "चाल, साहेब वाट पाहून राहिला असंन," आणि उंबरा ओलांडून पुढे झाले.

बंगल्यावर डॉक्टरांनी चित्र भिंगाखाली घातलं आणि पेटीत सगळ्यांत वर ठेवलं. मग ते खालच्या चित्रापासून यादी करायला बसले. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव लिहायचं होतं. एकेक करून ते नवऱ्याचं नाव लिहीत गेले. या चित्रापाशी आले तेव्हा नवऱ्यानं हात आडवा केला.

"हे माह्यं नोहे, साहेब. ज्यानं डोळे उघडले त्याचं चित्र. याले डोळेच नाई. मंग ज्यानं काहाडलं त्याचं."

डॉक्टरांनी विचारलं, कोणी काढलं? नवऱ्यानं मानेनं माझ्याकडे दाखवलं. डॉक्टरांनी लेखणी बुडवली आणि नाव विचारलं.

आता पंचाईत झाली. नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल, पण वाजंत्र्यांच्या गोंगाटात मला ते ऐकूही आलं नव्हतं. त्यानंतर "आईकते का" एवढंच. नवऱ्याचे कान लाल झाले. ते दाराकडे बघू लागले, मग जमिनीकडे. कोळीदादा तोंडावर हात ठेवून हसत होता. मी माझं नाव सांगणार तेवढ्यात नवऱ्यानं पुढे होऊन डॉक्टरांच्या हातून लेखणीच घेतली. गुडघ्यावर बसले, डाव्या हातानं कागद दाबून धरला, आणि गाठींवर काढायचे तशी गोल, ठसठशीत अक्षरं चित्राखाली काढली.

मी जवळ जाऊन वाकले. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. त्यांच्याकडून माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं; त्या दिवशी वाचलं.